खिडकीबाहेरची खुर्ची

सरांना हॉलमध्ये येऊ नका असं सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण दुसरं कुणीच ते करायला तयार नव्हतं.

आमचा हॉल म्हणजे परतूर स्टेशनच्या अलीकडचं कापसाचं जुनं गोदाम. जिनिंग बंद पडल्यावर ते बरीच वर्षं कुलूपबंद होतं. आमच्या शाळेचे खेळाचे सर गोदामाच्या मालकाकडं जाऊन जाऊन बसायचे. काही मागायचे नाहीत, नुसते चहा पिऊन परत यायचे. शेवटी मालकच कंटाळला आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवून म्हणाला, घ्या, करा तुम्हाला काय करायचं ते. सरांनी सुट्टीभर मुलांना घेऊन ते झाडून काढलं, गावातल्या गवंड्याकडून कोबा करून घेतला, त्यावर दोन कोर्टांच्या रेषा स्वतः आखल्या. परतूरसारख्या गावात मुलं बॅडमिंटन खेळतील असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. मुली खेळतील असं तर नाहीच. मी आठवीत होते. सर आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले की हिचं मनगट चांगलं आहे, हिला संध्याकाळी पाठवत जा. वडिलांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी सर परत आले आणि तेच म्हणाले. चौथ्या की पाचव्या खेपेला वडिलांनी हो म्हटलं.

आता मी वाटूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा सुटली की स्कूटी काढून परतूरला घरी येते आणि अंधार पडायच्या आत हॉलवर जाते. लग्न, बदल्या, बाळंतपण यांत थोडे खंड पडले तेवढेच. हॉलची एक समिती आहे, तिची मी सचिव. ते पद मला कसं मिळालं ते आठवत नाही. बहुतेक त्या बैठकीला मी गैरहजर असेन.

बॅडमिंटनला वारा चालत नाही. फूल, म्हणजे शटल, पिसांचं असतं. जरा झुळूक आली की आत पडणारं फूल रेषेबाहेर जातं. गोदामाला दोन्ही बाजूंनी मोठाल्या खिडक्या होत्या, कापूस हवेशीर राहावा म्हणून. सरांनी पहिल्याच वर्षी त्यांवर बाहेरून पत्रे ठोकले. दार लावलं की आत पान हलायचं नाही. उन्हाळ्यात भट्टी व्हायची, घामानं रॅकेट हातातून निसटायची, पण फूल सरळ जायचं. बाहेरगावची मुलं स्पर्धेला आली की सर त्यांना आधी त्या बंद खिडक्या दाखवायचे.

मग कोरोना आला आणि हॉलला कुलूप लागलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर आदेश निघाला की बंदिस्त जागेतले खेळ काही अटींवर सुरू करता येतील. समितीतले आम्ही फोनवरच बोललो. आमच्यात एक डॉक्टर आहे. गावात त्याचा दवाखाना आहे, शाळेत माझ्या वर्गात होता आणि सरांकडं आम्ही बरोबरच शिकलो. त्यानं सगळ्या अटी वाचून काढल्या आणि आपल्या हॉलला काय काय करावं लागेल ते सांगितलं. दारात ताप मोजायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. हात धुवायचे. कोर्टवर उतरेपर्यंत मास्क, उतरल्यावर बाजूला, खेळ संपला की परत मास्क. डबल्स बंद, एका कोर्टवर दोघंच. पाण्याची बाटली, टॉवेल, रॅकेट आपापलं. हस्तांदोलन नाही. शिट्टी नाही, कारण शिट्टीतून थुंकी उडते.

हे सगळं आम्ही मान्य केलं. राहिल्या दोन गोष्टी. एक म्हणजे खिडक्या उघडायच्या, हवा खेळती पाहिजे. आणि दुसरी म्हणजे वयस्कर माणसांनी बंदिस्त जागेत येऊ नये.

सरांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांना साखर होती, दम्याचा जुना त्रास होता. डॉक्टर म्हणाला, "इथं सगळ्यात जास्त धोका कुणाला असंल तर सरांना. पण मी सांगून ऐकायचे न्हाईत ते. त्यांच्या लेखी मी अजून बॅकहँड चुकणारा पोरगा हाय. तू सांग."

मी गेले. सरांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. ते ओट्यावर बसले होते, मी रस्त्यावरच स्कूटी लावून तिथूनच बोलू लागले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, आतून विचारलं की आत का येत नाही. मी म्हटलं, मी शाळेत चार माणसांत जाऊन येते, इथूनच बरं आहे. मग आम्ही हॉल उघडतोय हे मी सांगितलं. सरांचा चेहरा एकदम उजळला. ते उठून पायऱ्यांपर्यंत आले. त्या उजळलेल्या चेहऱ्याकडं बघून पुढचं बोलणं मला फार जड गेलं. पण सांगितलं. वय, साखर, दमा, आदेश, डॉक्टरचं म्हणणं, सगळं.

सर चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. नियम म्हणजे नियम. मी शाळेत हेच शिकवलं." मला रडू येईल असं वाटलं. घाईघाईनं मी दुसरीही गोष्ट सांगून टाकली की खिडक्यांचे पत्रे काढावे लागतील.

त्यावर मात्र ते भडकले. म्हणाले, मला बाहेर ठेवा, माझं काही न्हाई, पण खिडक्या उघडल्या तर तो बॅडमिंटनचा हॉल राहणार न्हाई, ते परत कापसाचं गोदाम होईल. वाऱ्यात खेळायचं असेल तर मैदानात खेळा, मी इतकी वर्षं काय करून राह्यलो मंग? आवाज चढला तशी त्यांना खोकल्याची ढास लागली. काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला खुणेनं जायला सांगितलं.

घरी येऊन मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, हवेशिवाय मी परवानगीच्या कागदावर सही करणार नाही. मी म्हटलं, मग हॉल उघडणार नाही. दोघांनीही फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दार उघडून झाडलोट तरी करावी म्हणून मी सकाळी हॉलवर गेले, तर आधीच ठोकाठोकीचा आवाज येत होता. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. सर स्टुलावर उभे होते, तोंडाला काकूंनी शिवलेला सुती मास्क, हातात हातोडी आणि खिळे काढायचा जंबूर. पत्रे बाहेरून ठोकलेले असल्यामुळे त्यांना आत जायची गरजच नव्हती. गंजलेले खिळे ते एकेक करून उपटत होते आणि खाली काकू डबा धरून उभ्या होत्या, त्यात टाकत होते. मला बघून म्हणाले, "दुसऱ्या कुणी काढले असते तर चौकटी फुटल्या असत्या."

  काकूंनी नंतर हळूच सांगितलं की आदल्या संध्याकाळी डॉक्टर स्वतः त्यांच्याकडं गेला होता आणि रस्त्यावर उभं राहून त्यानं त्याच्या दवाखान्यातली गोष्ट सांगितली. एका घरातले सहा जण एका खोलीत कसे बसले आणि सहाही जण कसे आजारी पडले. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

शेवटचा पत्रा निघाला तेव्हा आतला कोबा उन्हानं लख्ख उजळला. मी त्या हॉलमध्ये वाढले, पण तिथं ऊन आलेलं कधी पाहिलं नव्हतं. भिंतींवर किती जाळी होती आणि छताखाली चिमण्यांची किती घरटी होती, ते त्या दिवशी दिसलं.

आम्ही हॉल उघडला. पहिल्या दिवशी अगदी थोडे आले आणि आले तेही पाहुण्यांसारखे अवघडून. दाराबाहेर फक्कीनं गोल आखले होते, त्यांत एकेकानं उभं राहायचं. कुणी सायकल हाणत आलेला असायचा, त्याचं कपाळ तापलेलं असायचं. मग त्याला लिंबाखाली बसवायचं, निवला की परत मोजायचं. एका कापड दुकानदाराच्या सुनेला दोनदा लिंबाखाली बसावं लागलं, तर ती हिरमुसून परतच गेली. मी दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात जाऊन तिची समजूत काढली. सॅनिटायझर लावून लगेच रॅकेट धरली की मूठ बुळबुळीत व्हायची, पहिल्याच फटक्याला रॅकेट जाळ्यात जायची. मग आम्ही नियमात भर घातली की हात पूर्ण सुकल्याशिवाय रॅकेटला हात लावायचा नाही. गुण मिळाल्यावर टाळी द्यायला हात पुढं यायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. त्या अर्ध्या हाताची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

आणि फूल. फूल कुठंही जायचं. तुरीच्या शेतांवरून येणारा गार वारा एका खिडकीनं आत यायचा, दुसऱ्या खिडकीनं बाहेर जायचा आणि जाताना फूल घेऊन जायचा. लोक चिडायचे. एक जण म्हणाला, यापेक्षा घरी कॅरम बरा. खिडक्या लावा म्हणून माझ्याकडं रोज कुणीतरी यायचं आणि मी रोज नाही म्हणायची.

आठवडाभरात सर आले. आले म्हणजे मागच्या बाजूला आले. घरून प्लॅस्टिकची खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली होती. ती खिडकीबाहेर मागच्या लिंबाखाली मांडली, मास्क नीट केला आणि आत बघत बसले. मी धावत गेले. ते म्हणाले, "मी हॉलमध्ये न्हाई. बाहेर हाय. बराबर?"

बरोबरच होतं. मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, मोकळ्या हवेत बसू दे, पण कुणी खिडकीला खेटू नये. म्हणून आम्ही आतून एक दोरी बांधली, खिडकीपासून चांगली लांब, आणि ठरवलं की दोरीच्या पुढं जायचं नाही. सरांचा आवाज मास्कमधून आणि एवढ्या अंतरावरून पोचेना. शिट्टी बंद होती. तर त्यांनी सायकलची घंटी काढून खिडकीच्या गजाला बसवली. घंटी वाजली की खेळ थांबवायचा आणि दोरीपाशी यायचं.

पहिले एक-दोन दिवस त्यांनी घंटी वाजवलीच नाही. नुसतं बघत होते. मग एका संध्याकाळी माझं फूल सलग तीनदा बाहेर गेलं आणि घंटी वाजली. मी दोरीपाशी गेले. मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी सांगत होतो. ते म्हणाले, "वारं कुण्या बाजूनं येऊन राह्यलं ते बघितलं का? मंग त्या बाजूला बाहेरच मार. ते तुला आत आणून दील."

मी बाहेर मारलं. फूल रेषेबाहेर निघालं, वाऱ्यानं वळलं आणि कोपऱ्यात आत पडलं. सर बाहेर खुर्चीत बसून मांडीवर हात मारत हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीच्या गजांना काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, म्हणजे वारा कुठून येतो ते कोर्टवरून दिसावं. तेव्हापासून तक्रारी कमी झाल्या. चिंधी बघून खेळायची लोकांना मजा येऊ लागली. ज्या माणसानं आयुष्यभर वाऱ्याला हॉलबाहेर ठेवलं, तोच आता वाऱ्याशी कसं वागायचं ते शिकवत होता, आणि मला वाटतं, त्यालाही त्यात काहीतरी नवीन सापडलं होतं.

त्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही.

आमच्यात एक जण आहे, त्याला सगळे भाई म्हणतात. गावात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्यातला सगळ्यात चपळ खेळाडू. पोळ्याच्या सुमारास त्याचे वडील कोरोनानं गेले. जालन्याला दवाखान्यात नेलं होतं, तिथून घरी आलेच नाहीत. दफनाला घरचे मोजकेच लोक जाऊ शकले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते, ते निघाल्यावरही लोक त्या गल्लीतून जायचं टाळायचे. दुकान उघडलं तरी गिऱ्हाईक बाहेरून मशीन ठेवून लांब उभं राहायचं.

दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी तो हॉलवर आला. गोलात उभा राहिला. ताप नव्हता. ऑक्सिजन चांगला होता. त्याला आजार होऊन गेला असला तरी त्याला आता कितीतरी दिवस झाले होते, आणि नियमाप्रमाणे त्याला अडवायचं काही कारण नव्हतं. मी त्याला आत घेतलं. तो आत आला, बाटली भिंतीशी ठेवली, बूट बांधले आणि जोडीदारासाठी थांबला.

आत असलेल्यांपैकी एकाला घरून फोन आल्याची आठवण झाली. दुसऱ्याचा खांदा दुखू लागला. दोघं तर काही न बोलताच टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेले. वाईट माणसं नव्हती ती. घाबरलेली होती. प्रत्येकाच्या घरी म्हातारं कुणीतरी होतं. भाईनं ते सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तो एकटाच फूल वर उडवत आणि झेलत उभा राहिला.

मी ताप मोजायची बंदूक दारात ठेवून आत जायला निघाले, तोवर घंटी वाजली. सरांनी भाईला दोरीपाशी बोलावलं. मलाही ऐकू येत होतं. सर खेळाबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, "शेवटी काही बोलणं झालं का रे त्यांच्याशी?"

भाई म्हणाला, फोनवर झालं होतं. नर्सबाईंनी फोन कानाला धरला होता. अब्बांनी दुकानाच्या चाव्यांबद्दल विचारलं, आणि खाल्लं का म्हणून विचारलं, मग दम लागला.

सर म्हणाले की हॉलचं पहिलं जाळं त्याच्या वडिलांनीच शिवून दिलं होतं. विकतचं आणायला तेव्हा कुणाची ऐपत नव्हती. मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा आणला आणि त्यांनी त्याला वरून पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली. पट्टी सरळ यावी म्हणून त्यांनी दुकानासमोरच्या रस्त्यावर ते जाळं पसरलं होतं आणि तेवढा वेळ बैलगाड्या थांबवल्या होत्या. भाईला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अब्बा कभी बोले न्हाई." आणि मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात डॉक्टर दवाखाना उरकून आला. त्यानं दारात स्वतःचा ताप मोजून घेतला, आत नजर टाकली, बाहेर गोलांमध्ये उभे असलेल्यांकडं नजर टाकली. त्याला काय झालं ते सांगावं लागलं नाही. त्यानं बॅग ठेवली, मास्क काढून खिशातल्या पिशवीत घातला आणि कोर्टच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. म्हणाला, "चल भाई, सर्व्हिस कर."

ते खेळले. डॉक्टरला भाई कधीच आवरायचा नाही, त्या दिवशीही नाही आवरला. भाई आधी चुकत होता, मग त्याचे पाय चालू लागले. त्यांचा डाव संपल्यावर मी उतरले. त्यानंतर बाहेर उभे असलेल्यांपैकी एक जण, ज्याचा खांदा दुखत होता तो, आत आला आणि म्हणाला, आता जरा बरा आहे खांदा. कुणी हसलं नाही. भाईनं फूल त्याच्याकडं सारलं.

जाताना भाई मला दारात म्हणाला, "ताई, घरात सगळे रडून राह्यलेत म्हणून मी तिथं रडत न्हाई. इथं घाम असतो. कळत न्हाई कुणाला." मी मान हलवली.

उन्हाळा सुरू होताना दुसरी लाट आली आणि हॉल परत बंद झाला. या वेळी कुणी कुरकुर केली नाही, आजूबाजूच्या घराघरांतून खोकण्याचे आवाज येत होते. आम्ही सरांना इतकं जपलं होतं, खुर्ची बाहेर, दोरी, घंटी, पण आजार शिरायचा तिथून शिरला. काकूंना ताप आला. सरांनाही आला, पण त्यांचा घरीच उतरला. काकूंचा ऑक्सिजन मात्र खाली येत गेला. डॉक्टर म्हणाला, जालन्याला नेलं पाहिजे आणि आत्ता नेलं पाहिजे. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. भाईनं आपली गाडी काढली.

मी त्या दुपारी सरांच्या घरासमोर उभी होते. भाईनं गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या, मागं गादी अंथरली, डॉक्टरनं दिलेला सिलिंडर पायाशी बसवला. काकूंना धरून त्यानंच बसवलं. सरांचा ताप नुकताच उतरलेला, त्यांना उभंही राहवत नव्हतं. ते गाडीच्या दाराला धरून म्हणाले, मी येतो. भाईनं त्यांचा हात सोडवला आणि म्हणाला, "सर, मी हाय. तुम्ही घरी ऱ्हा." वाटूर फाट्यावरून जालन्याला जाणारा तो रस्ता त्यानं काही महिन्यांपूर्वी वडिलांना घेऊन कापला होता आणि एकट्यानं परत आला होता. गाडी वळेपर्यंत मी त्याच्याकडंच बघत राहिले.

काकूंना खाट मिळाली. पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला मला जमणार नाही. रोज संध्याकाळी भाई किंवा डॉक्टर फोन करायचा आणि मी रस्त्यावर उभं राहून ओट्यावरच्या सरांना तो निरोप सांगायची. एखाद्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नसायचं. तेव्हाही मी जायची, आणि आम्ही बसायचो, ते वर, मी खाली.

काकू वाचल्या. घरी आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या इतक्या उतरल्या होत्या. स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत यायचं तरी धाप लागायची. डॉक्टरनं सांगितलं, औषधापेक्षा हळूहळू चालणं महत्त्वाचं, रोज थोडं थोडं वाढवत. पण तोवर पावसाळा लागला होता. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गल्लीत पाय ठेवता येत नाही, तर चालणार कुठं. मीच म्हटलं, हॉल आहे की. दुपारी रिकामाच असतो.

तोवर दोघांचेही लसीचे डोस झाले होते, आणि हॉल उघडायची परवानगी आली होती. पहिल्या दुपारी भाईनं त्यांना दारापर्यंत सोडलं. मी शाळेतून जरा लवकर निघून आले होते. काकू दारात थांबल्या. तेव्हा मला कळलं की त्या या दाराच्या आत कधी आल्याच नव्हत्या. सरांचा डबा, सरांचं स्वेटर, सरांची औषधं घेऊन त्या इतकी वर्षं आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी बाहेरूनच देऊन परत गेल्या होत्या. मी विचारलं, का हो काकू? त्या म्हणाल्या, "कुणी ये म्हणलंच न्हाई कधी. आणि तिथं पोरं खेळायची, मी काय करणार जाऊन?"

सर हे ऐकत होते. त्यांनी खाली पाहिलं. मग दाराच्या आत जाऊन त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "ये."

काकू आल्या. चपला काढून दाराशी ठेवल्या, आम्ही नको म्हणत असतानाही. भिंतीच्या कडेनं हात टेकत टेकत त्या चालल्या, जाळ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत, आणि बसल्या. सर शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी जाळ्यापर्यंत. मग पलीकडच्या भिंतीपर्यंत. श्रावणात त्या भिंत सोडून मधून चालू लागल्या. सर त्यांच्या मागून चालायचे आणि हात असा धर, श्वास तसा घे म्हणून सांगत राहायचे, पन्नास वर्षांची सवय. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

एक दिवस त्यांनी भिंतीशी ठेवलेली माझी रॅकेट उचलून पाहिली. म्हणाल्या, हलकी आहे की गं, मला वाटायचं जड असेल. मी फूल हातात घेऊन जाळ्यापलीकडं गेले आणि अगदी सावकाश त्यांच्याकडं टाकलं. रॅकेट फिरेपर्यंत ते खाली पडलं होतं. पुन्हा टाकलं. पुन्हा पडलं. सर काहीतरी सांगायला पुढं झाले, तसं काकूंनी मागं न बघताच हातानं त्यांना थांबवलं.

पुढचं फूल त्यांनी उडवलं. ते जाळ्याला लागून त्यांच्याच बाजूला पडलं. त्या धापा टाकत थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "टाक अजून एक."